चिठ्ठीवर छापलेलं एकच कारण

प्रिय धाकट्यास,

थोरलीचे तुला, तुझ्या बायकोला आणि दोन्ही मुलींना मनापासून आशीर्वाद. इकडे मी ठीक आहे. गुडघे आपल्या मर्जीने वागतात, चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला आणि पहाटे चारनंतर झोप माझ्याकडे थांबत नाही, हे सोडलं तर तक्रारीला जागा नाही. तुझी तब्येत कशी आहे? (हा प्रश्न पत्राच्या रिवाजातला नाही. याचं उत्तर हवं आहे, आणि 'उत्तम' हे उत्तर धरलं जाणार नाही. गेल्या रविवारी फोनवर तू तीन वाक्यं बोललास आणि चार वेळा खोकलास. मग म्हणालास, धूळ आहे. धाकट्या, तुझी बायको घरात धूळ टिकू देते हे तू मला एकदा पटवून दाखव.)

पत्रासोबत नेहमीचा खोका येईल. येत्या बावीस तारखेला तुझी दारू सुटली त्याला एकवीस वर्षं होतील, आणि दर वर्षी त्या दिवशी माझ्याकडून तुला सिगरेटच्या पाकिटांचा खोका येतो, लाल फितीने बांधलेला. यंदाही फीत लालच आहे. मात्र पत्र वाचून संपेपर्यंत ती सोडायची नाही. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. ती अगदी शेवटी विचारेन, कारण अजून धीर झालेला नाही. तोवर केंद्रात काय काय घडलं ते सांगते. कदाचित सांगता सांगता धीर येईल.

तुला आमचं व्यसनमुक्ती केंद्र आठवत असेलच. (तू तिथे तीन महिने काढलेस आणि मी वीस वर्षं, तेव्हा दोघांत जास्त आजारी कोण हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.) तू बरा होऊन बाहेर आलास, मी आभार मानायला म्हणून गेले आणि नोंदणीच्या टेबलाशी बसले ती बसलेच. तेच टेबल, तीच खिडकी, खिडकीबाहेर तोच सिमेंटचा बाक, ज्याला सगळे धुराचा बाक म्हणतात. माझ्या खालच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो. दाखल होणाऱ्या प्रत्येकाची पाकिटं नाव लिहून त्यात ठेवायची आणि गटाची बैठक संपली की ज्याची त्याला एक सिगरेट द्यायची. मुकाट्याने औषध घेतलं तर एक. घरच्यांचा फोन येऊन गेल्यावर रडू लागलेल्याला एक जास्तीची. खणाची किल्ली माझ्या पर्समध्ये. केंद्राची सगळी शिस्त त्या डब्यावर उभी होती आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. आपल्या कॉन्व्हेंट शाळेत मदरकडे चॉकलेटची बरणी असायची ना, कविता पाठ झाली की एक, तसं काहीतरी मला वाटायचं. कुणाची दारू सोडवणं माझ्या हातात नव्हतं. पण हात थरथरणाऱ्या माणसाला पाच मिनिटं बरं वाटावं एवढं मी करू शकत होते, आणि ते मी वीस वर्षं मोठ्या प्रेमाने केलं.

दोन महिन्यांपूर्वी नव्या डॉक्टरीणबाई आल्या. वय तुझ्या थोरल्या मुलीपेक्षा फार तर चार वर्षांनी जास्त, आवाज मऊ, चपला बिनआवाजाच्या. त्यामुळे त्या मागे उभ्या आहेत हे कळेपर्यंत आपण नको ते बोलून बसलेलो असतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाकाकडे बघून विचारलं, "यांची सिगरेट कोण सोडवतं?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. जणू काही त्यांनी विचारलं होतं की यांचे केस कोण विंचरतं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातात छापील प्रश्नावली. नाव लिहायचं नाही, मोकळेपणाने लिहायचं. (आम्ही मोजकी माणसं. कुणाचं अक्षर कोणतं हे भिंतींनासुद्धा ठाऊक.) व्यसनमुक्तीच्या उपचारांबरोबर धूम्रपान सोडण्यासही मदत करावी असे आपणास वाटते का, आणि पुढे तीन चौकोन. आमचे समुपदेशक, म्हणजे तुझा त्या वेळचा खोलीसोबती, तोच तो घोरणारा, आता केंद्राचा आधारस्तंभ आणि दिवसाला दोन पाकिटं, त्यांनी तिन्ही चौकोन सोडून समासात लिहिलं, 'एका वेळी एकच', आणि खाली दोन रेघा मारल्या. वॉचमनने लिहिलं काहीच नाही, तोंडी सांगितलं की बाक रिकामा झाला तर केंद्रात काय चाललंय ते त्याला कळणार कसं. सगळ्यात कडक विरोध आचाऱ्याचा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, सिगरेट सुटली की जिभेला चव येते. सतरा वर्षं इथं कुणी माझ्या भाजीला नाव ठेवलेलं नाही. ते का, ते माझं मला माहीत आहे." आणि मी? मी 'सांगता येत नाही' या चौकोनात खूण केली, तीही पेन्सिलने. मदर म्हणायच्या की 'सांगता येत नाही' याचा अर्थ 'सांगायची लाज वाटते' असा धरावा. पन्नास वर्षांनी त्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या असं वाटलं, आणि मी मागे वळून पाहिलं तर डॉक्टरीणबाई होत्या.

मग यंत्र आलं. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठं, पुढे पुठ्ठ्याची नळी. श्वास रोखायचा, नळीत फुंकायचं, की अंगात किती धूर मुरलाय त्याचा आकडा दिसतो. न ओढणाऱ्याचा आकडा सहाच्या आत हवा. मला एकदम आपली नाकवाली सिस्टर आठवली, प्रार्थनेच्या दारात उभी राहून एकेकीचं तोंड हुंगणारी. पेपरमिंट कुणी खाल्लंय ते तिला हातभरावरून कळायचं. (एकदा मी तोंडातलं पेपरमिंट ऐन वेळी तुझ्या तोंडात ढकललं होतं. तू बालवर्गात होतास. मी सुटले आणि तू भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास, न रडता, आणि घरी कुणाला सांगितलंही नाहीस. मी ते विसरलेले नाही. आजकाल तर रोज आठवतं.)

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी आपण फुंकू, म्हणजे रुग्णांना संकोच वाटणार नाही. समुपदेशकांचा आकडा आला एकतीस, केंद्रात दाखल असलेल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त. ते म्हणाले यंत्र बिघडलंय. आचाऱ्याचा दोन. (तो दिवसभर तंबाखू चघळतो, पण या यंत्राला फक्त धूर कळतो, त्यामुळे तो संध्याकाळपर्यंत सगळ्यांना आपला आकडा सांगत फिरला.) मग मी फुंकलं. आयुष्यात कधी सिगरेट ओठाला न लावलेली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, एकसष्ट वर्षांची बाई. आकडा आला आठ.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की खिडकीबाहेर बाक, वीस वर्षांची खुर्ची, दुसऱ्यांच्या धुराने असं होतं. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. आचाऱ्याने जाताना माझ्या मुठीत दोन लवंगा ठेवल्या आणि हळूच म्हणाला, वास जातो. वॉचमनने सांगितलं की पाण्याच्या टाकीमागची जागा चांगली आहे, तिकडे कुणी फिरकत नाही. समुपदेशक तर म्हणाले, "मला केव्हापासून संशय होता बाई. एवढा शांत स्वभाव उगाच नसतो." मी घरी येऊन उशीत तोंड घालून आधी हसले आणि मग पुष्कळ वेळ हसले नाही. कारण आठ हा आकडा माझा नव्हता. तो त्या डब्याचा होता.

पुढच्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी गटात विचारलं, सिगरेटही सोडायची इच्छा कुणाकुणाला आहे. आम्ही मागे रांगेत उभे होतो आणि आमची खात्री होती की एकही हात वर येणार नाही. अकरा माणसांत सात जणांचे हात वर आले. त्यांतल्या एकाने तर दोन्ही हात वर केले होते, तो शिंपी. प्रत्येकाच्या सोबतीला आमच्यातलं एकेक माणूस दिलं, त्याची सोबत माझ्याकडे आली.

हा शिंपी म्हणजे काडीसारखा माणूस, गळ्यात माप घ्यायची टेप अजून असल्यासारखी मान पुढे. दारू सोडून चव्वेचाळीस दिवस झालेले. त्याआधी हात इतके कापायचे की सुईत दोरा ओवायला शेजारच्या दुकानदाराला हाक मारावी लागे. पुढे शेजारी यायचा थांबला, मग गिऱ्हाईक थांबलं, मग दुकानाला कुलूप. केंद्रातून सुटल्यावर ते कुलूप काढायचं, एवढीच त्याची इच्छा. आणि दुकानात धूर नको, कापडाला वास धरतो. मी त्याला विचारलं की हे इतके दिवस बोलला का नाहीत. तो म्हणाला, "बोललो होतो की बाई. आलो त्याच दिवशी म्हटलं, दोन्ही सोडायचंय. तुम्ही म्हणालात, आत्ता नको, झेपायचं नाही. आणि डब्यातनं एक काढून दिलीत." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माप सांगावं तसं त्याने सांगितलं.

मी नोंदवही काढली. माझंच अक्षर, ते उजवीकडे झुकलेलं, सिस्टरने पट्टी मारून वळवलेलं. 'धूम्रपानही सोडण्याची इच्छा आहे असे म्हणतो. तूर्त नको असे सांगितले.' मग त्याआधीची वही काढली. मग तिच्याआधीची. त्या दुपारी मी बसून मोजलं, धाकट्या. एकशे बारा वेळा 'तूर्त नको'. अक्षर इतकं सुबक आहे म्हणून सांगू, एका ठिकाणी खाडाखोड नाही. आम्ही आपसात नेहमी म्हणायचो की या माणसांना सिगरेट सोडायचीच नसते, आणि ती सोडायची आहे असं ती माणसं माझ्यासमोर बसून मला सांगत होती, आणि मी ते लिहून घेऊन त्यांना सिगरेट देत होते.

बरं, तेव्हापासून मला भीती दोन्ही बाजूंनी. सोडवली नाही तर ही वही. सोडवायला गेले आणि त्या ओढीत त्याचा तोल गेला, तो बाटलीकडे वळला, तर ते चव्वेचाळीस दिवस माझ्यामुळे मातीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की भिऊ नका, दोन्ही एकदम सोडणाऱ्यांचा निभाव उलट जास्त लागतो असं अभ्यास सांगतात. मी हो म्हटलं. पण अभ्यास आमच्या शिंप्याला कुठे ओळखतात? समुपदेशक येता-जाता माझ्या टेबलाशी थांबायचे आणि 'काय, आहे ना अजून?' असं विचारायचे. ते शिंप्याबद्दल विचारायचे, पण तोंडावर असा भाव की आजारी माणसाच्या दारात उभे आहेत.

मी डबा बंद केला, शिंप्याच्या दंडाला सिगरेटची ओढ कमी करणाऱ्या औषधाची पट्टी लावली, आणि ठरलं की ओढ लागली की त्याने उठून माझ्याकडे यायचं आणि हाताला काम मागायचं. पहिल्या दिवशी ओढ दर वीस मिनिटांनी लागली. मी त्याला केंद्रातले उसवलेले पडदे दिले. ते दुपारपर्यंत झाले. मग उशांचे अभ्रे. मग स्टोअरमध्ये एक जुनं शिलाई मशीन सापडलं आणि त्यानंतर कुणालाच त्याला थांबवता आलं नाही. टेलिफोनला कव्हर झालं. कपाटाला झालं. पाण्याच्या पिंपाला झालरीचं झालं. समुपदेशकांच्या फाइलींना प्रत्येकी एक, बटणासकट. चौथ्या दिवशी फुंकायच्या यंत्रालाच गळ्याशी नाडी असलेलं छोटंसं जाकीट झालं आणि डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा मोठ्याने हसताना आम्ही पाहिलं. आचाऱ्याला त्याने दोन खिशांचा ॲप्रन शिवून दिला. आचारी पाघळला, तो घालून मिरवू लागला, आणि त्याच दिवशी रात्रीच्या जेवणात शिंपी सगळ्यांसमोर म्हणाला, "भाजीत मीठ जास्त आहे." आचाऱ्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही.

सहावा दिवस. दुपारी मी फोनवर होते. (कुणाशी, ते खाली सांगते. एवढंच समज की मी जे ऐकत होते त्याने माझं बाकी कशात लक्ष नव्हतं.) शिंपी चिठ्ठी घेऊन आला, काहीतरी बोलला, मी मान हलवून सही केली. आता ही चिठ्ठी म्हणजे काय ते तुला आठवतं का? केंद्राबाहेर तासभर जायचं तर ती लागते. नाव, वेळ, कारण, सही. नाव आणि वेळ हाताने लिहायची. कारण मात्र छापलेलं आहे: सिगरेट आणणे. वीस वर्षांत दुसऱ्या कारणाने कुणी बाहेर गेलंच नव्हतं, आणि चिठ्ठ्या छापायला दिल्या तेव्हा मीच म्हटलं होतं की दर वेळी तेच लिहायचा त्रास कशाला.

फोन ठेवून अर्ध्या तासाने माझ्या ध्यानात आलं की वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली आणि शिंपी काम मागायला आलेला नाही. मशीनवर नाही, खोलीत नाही. फाटकाशी गेले. वॉचमनने चिठ्ठी पुढे केली आणि खाली बघत वाचून दाखवली. "सिगरेट आणणे. सही तुमचीच आहे बाई." समुपदेशक व्हरांड्यात होते. 'म्हटलं होतं ना' असं ते म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "सिगरेटचं दुकान समोरच आहे. तिथं जायला इतका वेळ लागत नाही. बाटली मात्र लांब मिळते."

मी छत्री घेतली आणि निघाले. (ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. हातात काहीतरी हवं होतं.) दारूच्या दुकानात मी जन्मात पाऊल ठेवलेलं नाही, तुझ्या त्या दिवसांतही मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहायचे. या वेळी मात्र सरळ आत गेले. रांगेत आमचेच तीन जुने रुग्ण. एक जण भिंतीवरची किंमतीची पाटी वाचू लागला. दुसरा हळूच म्हणाला, "बाई, तुम्हीसुद्धा?" आणि तिसऱ्याने, फार अदबीचा माणूस, रांग मागे सरकवून मला पुढे जागा करून दिली. दुकानदाराने विचारलं काय देऊ. माझ्या तोंडून एवढंच निघालं की मला शिंपी हवा आहे. तो म्हणाला, त्या नावाची आमच्याकडे येत नाही. मागून कुणीतरी सांगितलं की पुढच्या चौकात बघा, तिथे सगळ्या असतात.

पुढच्या चौकातही पाहिलं. त्याच्या पुढच्याही. परत वळले तेव्हा डोक्यात एकच चाललं होतं की चव्वेचाळीस आणि सहा, पन्नास झाले असते आज. तेवढ्यात दोऱ्या-बटणांच्या दुकानातून ओळखीचा आवाज. शिंपी काउंटरशी स्टुलावर बसलेला, समोर तीसेक रिळं ओळीने मांडलेली, एकेक उचलून दारातल्या उजेडात धरतोय, आणि दुकानदार कपाळाला हात लावून बसलाय. मला बघून शिंपी म्हणाला, "बरं झालं आलात. निळा म्हणून काळा देतोय हा. तुम्ही सांगा, समुपदेशकांच्या खुर्चीला काळा चालेल?" मी सरळ पुढे झाले आणि भर दुकानात वाकून त्याचं तोंड हुंगलं, अगदी नाकवाल्या सिस्टरसारखं. त्याला राग आला नाही. म्हणाला, हुंगा, नीट हुंगा. नुसता बडीशेपेचा वास.

दुकानदाराने मला पाणी दिलं. मी स्टुलावर बसले आणि मला जरा रडू आलं. शिंपी रिळाला दोरा गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला वाटलं, मी गेलो."

"वाटलं," मी म्हटलं.

"मलाही रोज वाटतं," तो म्हणाला, आणि निळं रीळ बाजूला काढलं.

परत आलो तर सगळं केंद्र फाटकाशी. चिठ्ठीचा उलगडा झाला तेव्हा वॉचमनने कारणाच्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली आणि म्हणाला की हे छापलंय कुणी. मी सांगितलं, मी. डॉक्टरीणबाईंनी यंत्राचं जाकीट उतरवलं. शिंपी, दोन. माझाही घ्या म्हटलं. चार. (डबा बंद होऊन आठवडाही झाला नव्हता. आचाऱ्याने माझी पाठ थोपटली आणि सोडलीत ते फार छान केलंत म्हणाला. आता मी कुणाला काही समजावत नाही.) दुसऱ्या दिवशी मी पट्टी घेऊन उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांवरचं ते कारण एकेक करून खोडलं. माझ्या आयुष्यातली पहिली खाडाखोड. तिसऱ्या दिवशी समुपदेशक आले, खिशातलं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ठेवायला देतोय. सोडली असं कुणाला सांगत सुटू नका." त्यांच्या खुर्चीला आता निळ्या दोऱ्याने शिवलेलं कव्हर आहे. आचारी भाजी वाढण्याआधी चाखून बघायला लागलाय. शिंप्याला आज एकोणीस दिवस झाले, सिगरेट सोडून, आणि दारू सोडून त्रेसष्ट. मी अजून रोज सकाळी आल्या आल्या आधी मशीनचा आवाज येतोय का ते ऐकते आणि मग पर्स खाली ठेवते.

तर असं सगळं इकडे. आता तुझं. केंद्रातून आणल्यावर तू दोन महिने माझ्याकडे होतास. मागच्या पायरीवर बसायचास, हात मांडीखाली दाबून, म्हणजे थरथर मला दिसू नये. मी स्वयंपाकघरातली काडेपेटी आणून तुझी सिगरेट स्वतःच्या हाताने पेटवली आहे. पाकीट मी आणायचे. त्या दोन महिन्यांत तू कितीदा काय बोललास आणि मी 'ते नंतर बघू, आधी हे' म्हणून किती वेळा काडी ओढली, ते मला नीटसं आठवत नाही. आई म्हणायची, हिने याला इतकं कडेवर घेतलं की हा चालायला उशिरा शिकला. मला वाटायचं ती माझं कौतुक करते.

मुलींना पापा. बायकोला माझा नमस्कार सांग, तिने माझ्यासारख्या वेडीला सांभाळून घेतलंय. पत्राचं उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर तू खोकतोस आणि मग मला प्रश्न आठवत नाही.

तुझीच,
थोरली

ता. क. फीत सोडलीस ना आधीच? मला माहीत होतं. खोक्यात सिगरेट नाहीत. रुमाल आहेत, चाळीस. शिंप्याने शिवलेत, प्रत्येक रुमाल म्हणजे त्याची एकेक टळलेली ओढ. कडेची शिवण बघ, पहिल्या दहांची वाकडी आहे, मग सरळ होत गेलीय. तुला खोकल्याला उपयोगी पडतील. तळाशी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आहे, छातीच्या एक्स-रेची. तिच्यावर कारण हाताने लिहिलेलं आहे.

ता. क. दोन: त्या दुपारी फोनवर तुझी बायको होती. जिन्याच्या मधल्या पायरीवर तू आजकाल थांबतोस आणि चप्पल नीट करण्याचं सोंग करतोस, हे तिने मला सांगितलं. तुला सांगू नका म्हणाली होती. मी सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, पेपरमिंट आठव.

ता. क. तीन: प्रश्न असा. तूही मला म्हणाला होतास का, की दोन्ही सोडायचंय? आमच्याकडच्या तुझ्या वर्षाच्या वह्या वाळवीने खाल्ल्या, आणि घरच्या पायरीवर मी वही ठेवत नव्हते. मी समुपदेशकांना विचारलं, तू काही बोलायचास का म्हणून. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, बाई, ते त्यालाच विचारा.

ता. क. चार: उत्तर 'नाही' असेल तर मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते, यंत्र घेऊन. (डॉक्टरीणबाईंना विचारलंय. जाकिटासकट न्या म्हणाल्या.) 'हो' असेल तर शुक्रवारीच येते.